गावची शाळा आणि वेगळ्या गरजांचं मूल: गोव्यातल्या विशेष शिक्षणाची पार्श्वभूमी

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि 1963 च्या अखेरीस भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या सरकारने सर्वांत आधी हाती घेतलेल्या कामांत गावोगावी प्राथमिक शाळा उघडण्याचं काम होतं. देवळाचा मंडप, कुणाच्या घराची पडवी, मिळेल ती जागा घेऊन मराठी शाळा सुरू झाल्या. पेडण्यापासून काणकोणपर्यंत मूल चालत जाऊ शकेल इतक्या अंतरावर शाळा आली. विशेष शिक्षणाच्या इतिहासात ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मला मात्र ती पायाची वाटते, कारण पुढचे सगळे कायदे ज्या 'जवळच्या शाळे'वर उभे राहिले, ती शाळा गोव्यात आधीच होती.

पण त्या शाळेत एक किंवा दोन शिक्षक, तेच चार इयत्ता सांभाळणार. ऐकू न येणारं, दिसायला त्रास होणारं किंवा बौद्धिक वाढ संथ असलेलं मूल तिथे आलं तर त्याला शिकवायचं कसं, हे त्या शिक्षकांना कुणीच शिकवलेलं नव्हतं. मूल वर्षभर मागच्या रांगेत बसायचं आणि पुढे घरीच राहायचं. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात दिव्यांग मुलांचं शिक्षण सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच भाग असावं असं सांगितलं होतं, आणि 1974 मध्ये केंद्राने एकात्म शिक्षणाची, म्हणजे अशा मुलांना सामान्य शाळेतच शिकवण्याची, योजनाही आणली. पुस्तकं, गणवेश, प्रवासभत्ता, विशेष शिक्षक अशी तरतूद तिच्यात होती. तरी योजना होती म्हणून मुलाला प्रवेश मिळेलच असं नव्हतं, कारण तो त्याचा हक्क नव्हता.

ती पोकळी गोव्यात विशेष शाळांनी भरून काढली. पर्वरीची संजय स्कूल, फोंड्याचं लोकविश्वास प्रतिष्ठान, डिचोलीचं केशव सेवा साधना, जुने गोव्यातली कारितासची सेंट झेवियर्स अकादमी ही नावं आजही पालकांच्या तोंडी आहेत. काही संस्था चर्चच्या परंपरेतून आल्या, काही सामाजिक कार्यकर्त्यांच्या आणि पालकांच्या धडपडीतून. आपल्या मुलालाही शिकता येतं यावर गोव्यातल्या कितीतरी आईबापांचा विश्वास बसला तो या संस्थांमुळे. त्यांचं हे ऋण मोठं आहे. पण त्या बहुतेक शहरांत किंवा तालुक्याच्या ठिकाणी होत्या. सत्तरीच्या किंवा सांग्याच्या आतल्या गावातून मुलाला रोज तिथवर न्यायचं म्हणजे आईची मजुरी बुडायची. शिवाय शेजारची मुलं एका शाळेत आणि हे मूल दुसऱ्याच गावात, त्यामुळे वाड्यावरचं त्याचं खेळणंही तुटायचं.

हक्काची भाषा कायद्यात 1995 साली आली. त्या वर्षीच्या अपंग व्यक्ती कायद्याने 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण देणं सरकारवर बंधनकारक केलं. विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे निकष ठरवणारी भारतीय पुनर्वास परिषद 1992 च्या कायद्याने वैधानिक झाली होती. पुढे सर्व शिक्षा अभियान आलं आणि सामान्य शाळांमध्ये साधनकक्ष व फिरते विशेष शिक्षक दिसू लागले. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांना त्यात स्पष्ट स्थान मिळालं आणि तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला.

मात्र एक मोठा गट तेव्हाही बाहेरच होता. हुशारीने बोलणारं, पण वाचताना अडखळणारं, बेरजेत अंकांची अदलाबदल करणारं मूल. 1995 च्या कायद्यातल्या सात प्रकारांत अध्ययन अक्षमता नव्हती. आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणामुळे अशी मुलं पुढे सरकत राहिली आणि त्यांची अडचण नववीत, दहावीची परीक्षा तोंडावर आल्यावर उघडी पडू लागली. मग लेखनिक, वाढीव वेळ अशा सवलतींसाठी प्रमाणपत्राची धावपळ. आळशी, मठ्ठ, लक्ष न देणारा असे शिक्के तोवर बसून गेलेले असत. या मुलांवर झालेला हा अन्याय मला सर्वांत जास्त टोचतो, कारण तो तिसरीतच टाळता आला असता.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून अंमलात आला. त्याने प्रकार सातावरून 21 केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. जानेवारी 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी शाळेतच प्राथमिक चाचणी घ्यावी, आणि प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळावं व 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासलं जावं, असा क्रम घालून दिला. गोव्यात याला भाषेची एक गुंतागुंत आहे. मूल घरी कोंकणी बोलतं, सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून शिकतं आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात जातं. तिथे ते अडखळलं तर दोष वाचनक्षमतेचा की माध्यम बदलण्याचा, हे ओळखायला मुलाच्या भाषेत चाचणी घेणारा माणूस लागतो. इंग्रजीतल्या चाचणीवरून काढलेला निष्कर्ष अशा मुलाच्या बाबतीत सहज चुकू शकतो.

आधाराची दुसरी बाजू समुपदेशनाची. गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक मिळू लागले, ही राज्याची चांगली कामगिरी. जानेवारी 2023 मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला आणि दिव्यांगत्व हा विषय लोकांत खुलेपणाने बोलला जाऊ लागला. पण वर्गात रोज मुलाशेजारी बसणारा विशेष शिक्षक हा प्रश्न त्याने सुटत नाही.

तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालात न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण धरलं, आणि पुरेसे शिक्षक नेमले जाईपर्यंतची सोय म्हणून शाळांच्या समूहासाठी फिरत्या शिक्षकाला मुभा दिली. मार्च 2025 मध्ये राज्यांना ही पदं मंजूर करून अधिसूचित करण्याचे आदेश झाले. गोव्यात हे प्रमाण लावताना पटसंख्या आडवी येते. दहा-पंधरा मुलांच्या सरकारी शाळेत असं मूल एखादंच असतं, म्हणजे एका शिक्षकाच्या वाट्याला अनेक गावं येणार. दुसरीकडे पट घसरल्याने शाळा बंद होतात किंवा शेजारच्या शाळेत विलीन होतात. चालत शाळेत येणारं मूल मग बसवर अवलंबून राहतं, आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला त्या बसमध्ये चढता येत नाही. विलीनीकरणाचा निर्णय घेताना किती मुलं आहेत हे मोजलं जातं. त्या मुलांत कोणाला कशाची गरज आहे, हेही त्याच कागदावर लिहिलं जायला हवं, आणि विशेष शिक्षकाची नवी पदं त्या नोंदीवरून ठरायला हवीत.