प्रतिजैविक प्रतिरोध आणि राष्ट्रीय धोरणाच्या अडचणी

अँटिबायोटिकचा मारा पचवून जिवंत राहणारे जिवाणू वाढत जातात, पुढे तेच औषध लागू पडत नाही, याला प्रतिजैविक प्रतिरोध म्हणतात. २०१९ मध्ये जगभरात अंदाजे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट यामुळे झाले.

भारताने एप्रिल २०१७ मध्ये पाच वर्षांचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. कागदावर बरा होता, पण त्याला वेगळा निधी नव्हता आणि आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणजे आराखडा दिल्लीचा आणि मेडिकलवर जाऊन तपासणी करायची ती राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, तिथे निरीक्षक कमी न् दुकानं ढीगभर. केरळने २०१८ मध्ये स्वतःचा आराखडा केला, बाकी बरीच राज्यं मागेच राहिली.

नियम नाहीत असं नाहीये. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ ही कडक नियमांच्या औषधांची सरकारी यादी लागू आहे, त्यातलं औषध विकलं की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध न् नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. सेफिक्झिम हे अँटिबायोटिक त्यात येतं, पण सर्दी-खोकल्याला लोक सर्रास मागतात ते अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक साध्या शेड्यूल एच मध्ये, चिठ्ठी त्यालाही लागते पण रजिस्टरची कटकट नाही. नाशिकच्या सिडको किंवा पंचवटीतल्या कुठल्याही मेडिकलवर संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहा, "दादा, घसा धरलाय, ती तीन गोळ्यांची स्ट्रीप द्या" हे ऐकू येईलच. गिऱ्हाइकाला दोष तरी काय द्यायचा, डॉक्टरची फी न् अर्ध्या दिवसाचा खाडा यापेक्षा स्ट्रीप स्वस्त पडते.

नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, म्हणून हा विषय डॉक्टर लोकांचाच वाटतो, पण खरा गुंता सटाणा-मालेगावच्या डाळिंब बागांत दिसतो. पावसाळी दमट हवेत फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं, हा तेल्या रोग. तो जिवाणूजन्य, म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन या अँटिबायोटिकची ६ ग्रॅमची पुडी पंपात टाकत आले, आणि त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे टीबीवर वापरलेलं औषध! केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये हे टप्प्याटप्प्याने बंद करायचं पाऊल उचललं, २०२४ पासून वापर पूर्ण बंद असं त्यात होतं. पण बागेत तेल्या आला की कृषी सेवा केंद्रात पहिला प्रश्न एकच, "मग आता काय मारायचं?" ताम्रयुक्त बुरशीनाशकं आहेत, रोगट फांद्या छाटून जाळणं आहे, पण हाताशी आलेला बहार जाताना बघून कोण थांबतं.

म्हणजे माणसाचं औषध आरोग्य खात्याकडे, फवारणी कृषीकडे, कोंबड्यांचं पशुसंवर्धनाकडे. जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन, म्हणजे माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून ठेवलेलं अँटिबायोटिक, वापरायला बंदी आली, हे त्यातल्या त्यात झटपट झालेलं काम. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक किती चालेल याची मर्यादा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या जानेवारी २०२० च्या मसुद्यात होती, २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून ती गायब झाली.