बीबीएला गणित नसतं?

‘गणिताची भीती वाटते? बीबीए घ्या, तिथे आकडेमोड नसते’ हा सल्ला बारावीच्या निकालानंतर हमखास फिरतो. बीबीए म्हणजे व्यवसाय प्रशासनाची पदवी; इंजिनिअरिंगइतकं अवघड गणित तिथे नसतं, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे. पण हिशेबशास्त्र, सांख्यिकी, अर्थशास्त्र, वित्त व्यवस्थापन हे विषय बहुतेक ठिकाणी सक्तीचे असतात.

नमुना बघा. वडापावच्या गाडीचा ठरलेला खर्च महिना २४,००० रुपये. एक वडापाव १२ रुपयांना पडतो, २० ला विकला जातो. नगामागे ८ सुटतात, म्हणजे ३,००० वडापाव खपले की ना नफा ना तोटा. ब्रेक-इव्हन म्हणतात तो टप्पा हाच. भागाकारच आहे, पण तो चुकला तर गाडी उधारीवर चालते!

खात्री करायची तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सत्रनिहाय अभ्यासक्रम वाचा. जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर उत्तमच.