फॉर्म्युला वनची हंगामपूर्व चाचणी तीन दिवसांवर कशी आली

बहरीनच्या साखिर सर्किटवर हंगामपूर्व चाचणीसाठी सकाळी दहाला गाड्या बाहेर पडतात, तेव्हा ठाण्यात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. संध्याकाळी सातला तिथलं सत्र संपतं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. ऐरोली, महापे, घणसोलीच्या कार्यालयांतल्या चाहत्याला सुरुवातीचे सहा तास फोनवर अधूनमधून डोकावूनच काढावे लागतात. ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून घरी पोहोचेपर्यंत हातात शेवटचा दीड-दोन तास उरतो. पण नेमका तोच वेळ महत्त्वाचा असतो. फेब्रुवारीअखेर बहरीनचा सूर्य आपल्या घड्याळात आठच्या सुमारास मावळतो. त्यानंतर डांबर थंडावतं, आणि तिथली शर्यत दिव्यांच्या उजेडात होत असल्याने दुपारच्या उन्हातल्या वेळांपेक्षा या शेवटच्या तासा-दीड तासातले लॅप, म्हणजे सर्किटच्या फेऱ्या, गाडीबद्दल कितीतरी अधिक सांगतात.

तीन दिवस, संघामागे एकच गाडी, आणि ती दोन चालकांनी वाटून घ्यायची. 2021 मध्ये आणि मग 2023 ते 2025 या वर्षांत चाचणी एवढीच होती. म्हणजे एका चालकाच्या वाट्याला दीड दिवस. वीस वर्षांपूर्वी असा हिशेब कुणी मांडलाच नसता, कारण चाचणी वर्षभर चालूच असायची. ती आखडली ती तंत्र बदलल्यामुळे नव्हे. डिसेंबर 2008 मधल्या एका निर्णयाने तिला इथवर आणलं, आणि त्या निर्णयाची किंमत ज्यांनी मोजली ते तो घेणाऱ्यांपैकी नव्हते.

त्याआधीचा काळ थोडक्यात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत युरोपातली थंडी टाळून संघ दूर दक्षिणेला जात: दक्षिण आफ्रिकेतलं क्यालामी, पुढे रिओचं जाकारेपाग्वा. नव्वदीत पोर्तुगालचं एश्तोरिल आणि स्पेनमधली हेरेथ व बार्सिलोना ही सर्किटं आली. मे 1986 मध्ये फ्रान्सच्या पॉल रिकार सर्किटवर हंगामातल्याच एका चाचणीत मागचा विंग निखळून एका इटालियन चालकाची गाडी उलटली आणि पेटली. शर्यतीच्या दिवशी असते तशी मार्शल आणि डॉक्टरांची व्यवस्था तिथे नव्हती. दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्याचा मृत्यू झाला. रिकाम्या सर्किटवरच्या चाचणीलाही शर्यतीइतकीच सुरक्षा लागते, हे मान्य व्हायला एक जीव जावा लागला.

2001 ते 2006 या वर्षांत दोन टायर कंपन्या एकमेकींना भिडल्या आणि चाचणीला धरबंध राहिला नाही. मोठ्या संघांकडे शर्यतीच्या पथकाखेरीज वेगळं चाचणीपथक, वेगळे अभियंते आणि पगारी चाचणीचालक असत. फेरारीच्या कारखान्याशेजारी 1972 पासून फिओरानोचं स्वतःचं सर्किट होतं, शिवाय 1988 पासून मुजेल्लोही मालकीचं होतं. सकाळी कारखान्यातून निघालेला भाग दुपारी ट्रॅकवर तपासून घेता येत असे. 2004 च्या अखेरीस बाकीचे नऊ संघ हंगामातली चाचणी 30 दिवसांवर आणायला राजी झाले, एकट्या फेरारीने नकार दिला. पुढे प्रत्येक संघाला वर्षाला 30,000 किलोमीटरची मर्यादा आली. तीही आज ऐकायला अवाढव्य वाटते.

2008 च्या शेवटी जागतिक मंदी आली. होंडाने एका फटक्यात संघ सोडला, आणखी कोण जाईल या भीतीने सगळ्यांना घेरलं. त्याच महिन्यात खर्चकपातीच्या यादीला मंजुरी मिळाली. वर्षाची मर्यादा 15,000 किलोमीटरवर आली आणि पहिल्या शर्यतीपासून शेवटच्या शर्यतीपर्यंत चाचणी जवळजवळ बंद झाली. कारण सांगितलं गेलं ते छोट्या संघांना वाचवण्याचं. ते कारण खोटं नव्हतं. चाचणीपथकं पोसण्याचा खर्च छोट्यांना खरोखरच झेपत नव्हता. पण ही कुऱ्हाड कुणावर पडणार, याचा विचार त्या यादीत दिसत नाही.

परिणाम पहिल्याच वर्षी दिसले. होंडाने सोडलेल्या कारखान्यातली गाडी नव्या नावाने मार्च 2009 मध्ये बार्सिलोनाला आली, पहिल्या शर्यतीला तीन आठवडे उरले असताना. ती सर्वांत वेगवान निघाली. प्रायोजक मिळवण्यासाठी हलकी गाडी पळवताहेत, असा संशय पिटलेनमध्ये उघडपणे बोलला गेला. त्याला आधारही होता: 2001 च्या हिवाळ्यात एका फ्रेंच संघाने अशाच डोळे दिपवणाऱ्या वेळा दिल्या होत्या, आणि वर्षभरात तो संघ दिवाळखोरीत गेला. या वेळी मात्र वेळा खऱ्या होत्या. दुहेरी डिफ्यूजरवाल्या (डिफ्यूजर म्हणजे गाडीच्या मागच्या टोकाखालून हवा बाहेर काढून पकड वाढवणारा भाग) त्या गाडीने मेलबर्नला पहिली दोन स्थानं घेतली आणि वर्षाअखेर दोन्ही विजेतेपदं. प्रतिस्पर्ध्यांना तो डिफ्यूजर आपल्या गाडीवर बसवून पाहायला आता शर्यतीच्या शुक्रवारचा सराव तेवढा उरला होता. पूर्वी हे काम पुढच्या मंगळवारी एखाद्या सर्किटवर झालं असतं. हंगामपूर्व चाचणीत मागे पडलेल्याने मागेच राहायचं, ही गोष्ट इथून सुरू झाली.

माणसांच्या बाबतीत ती अधिक कठोर ठरली. जुलै 2009 मध्ये हंगेरीत फेरारीचा एक चालक जखमी झाला. त्याच्या जागी निवृत्तीतून परतायला सात वेळचा जर्मन जगज्जेता तयार झाला, पण त्या वर्षीच्या गाडीत एक दिवस सराव द्या या विनंतीला तीन संघांनी नकार दिला. त्याने मुजेल्लोला दोन वर्षं जुनी गाडी चालवून पाहिली, आणि शेवटी मानेच्या दुखापतीमुळे माघार घेतली. मग जो उतरला तो संघाचा अनेक वर्षांचा चाचणीचालक. त्या वर्षीच्या गाडीचा त्यालाच सराव नव्हता, कारण चाचणीच बंद होती. वालेन्सियाच्या पात्रता फेरीत तो शेवटचा आला आणि जगभर त्याची टिंगल झाली. ती टिंगल मला आजही अन्यायाची वाटते. ज्याचं कामच नियमाने काढून घेतलं, त्याच्याकडून त्याच कामाची तयारी अपेक्षिली गेली. त्याच हंगेरीच्या शर्यतीत एक 19 वर्षांचा स्पॅनिश मुलगा पदार्पण करत होता, तोही सर्किटवरच्या चाचणीशिवाय.

भारतीय वाचकाला हे दुरून पाहण्याचं कारण नाही. फॉर्म्युला वनमधला आपला पहिला चालक 2005 च्या पूर्ण हंगामानंतर दोन वर्षं एका ब्रिटिश संघाचा चाचणीचालक होता. शर्यतीची जागा गेली तरी गाडीत राहण्याची ती एक पायरी होती. 2009 नंतर ती पायरीच उरली नाही. आपला दुसरा चालक मार्च 2010 मध्ये बहरीनला उतरला तेव्हा त्याच्या नवख्या स्पॅनिश संघाने हंगामपूर्व चाचणीत एकही किलोमीटर धाव घेतलेली नव्हती. त्याची गाडी शुक्रवारी आणि शनिवारी सकाळीही तयार नव्हती. ती पहिल्यांदा ट्रॅकवर आली ती थेट पात्रता फेरीत. शर्यत त्याच्यासाठी सुरुवातीलाच संपली. गाडी वेळेत न होण्याचं मूळ कारण पैशाची चणचण होतं, बंदी नव्हे. पण राहिलेला सराव नंतर भरून काढण्याचा प्रत्येक मार्ग बंदीने बंद केला होता, आणि त्यावरून चालकाची लायकी मोजली गेली.

बंदी सगळ्यांना सारखी लागू आहे का, याची परीक्षा 2013 मध्ये झाली. टायर पुरवणाऱ्या कंपनीकडे चाचणीसाठी होती ती 2010 ची जुनी गाडी. दरम्यान खऱ्या गाड्यांचा भार टायरवर कितीतरी वाढला होता. स्पेनच्या शर्यतीनंतर मे महिन्यात मर्सिडीजने बार्सिलोनालाच तीन दिवस थांबून या कंपनीसाठी 1,000 किलोमीटर केले. गाडी त्याच वर्षीची, चालक शर्यतीचेच. बाकीच्यांना याचा पत्ता लागला तो मोनॅकोत, आणि ती शर्यत मर्सिडीजनेच जिंकली. तक्रार झाली, जूनमध्ये पॅरिसला सुनावणी झाली. संघाने आधी विचारणा केली होती आणि अटी घालून होकार मिळाला होता, हे समोर आल्यावर शिक्षा झाली ती एवढीच: ताकीद, आणि तरुण चालकांच्या तीन दिवसांच्या चाचणीतून वगळणं. एका गुणाचीही कपात नाही.

हा निकाल सौम्य होता, असं मानणाऱ्यांत मीही आहे. नियमाची भाषा स्पष्ट होती. पण निकालानंतर जेमतेम दहा दिवसांत सिल्वरस्टोनला शर्यत चालू असताना एकामागून एक गाड्यांचे टायर फुटले. टायर कंपनीला नव्या गाडीवरची चाचणी खरोखर हवी होती, हे त्या दुपारी साऱ्या जगाने पाहिलं. लगेच तरुण चालकांच्या चाचणीत शर्यतीच्या चालकांनाही टायर तपासायला सोडण्यात आलं. पुढच्या वर्षी हंगामातली चाचणी दोन-दोन दिवसांच्या चार सत्रांनी परतली. ज्या तरुणांसाठी ते तीन दिवस राखले होते, त्यांच्या वाट्याचे तास मात्र गेले ते गेलेच.

आता किमान दोन वर्षं जुन्या गाड्यांचा मार्ग पाहा. जुनी गाडी चालवायला मनाई नव्हती. ती जपून ठेवायला, इंजिन आणि माणसं पुरवायला ज्याच्याकडे पैसा, त्याला चाचणी खुली होती. 2025 मध्ये पदार्पण करणाऱ्या 18 वर्षांच्या इटालियन चालकाला त्याच्या श्रीमंत संघाने 2024 मध्ये जुन्या गाड्यांत एका सर्किटवरून दुसऱ्या सर्किटवर नेत तयार केलं. त्याच्या गुणवत्तेबद्दल शंका नाही. पण 2010 च्या आपल्या चालकाशी त्याची तुलना केली की बंदीने काय साधलं ते दिसतं: खर्च थांबला नाही, सिम्युलेटरकडे आणि जुन्या गाड्यांकडे वळला. 2025 पासून जुन्या गाड्यांवरही वर्षाला 20 दिवसांची, आणि शर्यतीच्या चालकांवर चार दिवस व 1,000 किलोमीटरची मर्यादा आली. सोळा वर्षांनी आली.

हंगामपूर्व दिवसही घटत गेले. 2014 आणि 2015 मध्ये बारा, 2016 ते 2019 आठ, 2020 मध्ये सहा, 2021 मध्ये तीन. दिवस कमी झाले तसा प्रत्येक तासाचा भाव वाढला. वेळांचं कोष्टक वाचणं अवघड आहे, कारण दहा किलो इंधनाने लॅपमागे साधारण तीन दशांश सेकंदाचा फरक पडतो आणि कुणाच्या टाकीत किती आहे हे कुणी सांगत नाही. 2019 ला बार्सिलोनात फेरारी सर्वांत वेगवान होती, आणि पुढच्या पाचही शर्यतींत मर्सिडीजने पहिली दोन स्थानं घेतली. 2025 ला बहरीनमध्ये सर्वांत वेगवान लॅप विल्यम्सचा होता, आणि विजेतेपद मॅकलारेनकडे गेलं. मॅकलारेनचा खरा वेग दुसऱ्या संध्याकाळच्या लाँग रनमध्ये, म्हणजे सलग अनेक लॅपच्या धावेत, दिसला होता, आपल्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी.

लॅपची संख्या त्या मानाने प्रामाणिक असते. जानेवारी 2014 मध्ये हेरेथला नव्या हायब्रिड इंजिनांनी पहिल्यांदा धाव घेतली. चार वर्षं सलग जिंकलेल्या रेड बुलला चार दिवसांत 21 लॅप जमले, मर्सिडीजला 309. मर्सिडीजने त्या वर्षी 19 पैकी 16 शर्यती जिंकल्या. पुढल्या वर्षी मॅकलारेन-होंडाने हेरेथला 79 लॅप केले आणि अख्खं वर्ष गाडी बंद पडण्यात गेलं.

ठाणे-नवी मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी गाड्या बांधणारे विद्यार्थी या दिवसांकडे वेगळ्या नजरेने पाहतात. गाडीवर बसवलेली सेन्सरची जाळी, बॉडीवर फासलेला, हवेचा प्रवाह दाखवणारा हिरवा फ्लो-व्हिज रंग, तो वाऱ्याने कुठे ओघळला: वर्षातून एकदाच इतकं उघडं दिसणारं हे शिक्षण आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये मर्सिडीजचा चालक सरळ रस्त्यावर स्टिअरिंग स्वतःकडे ओढतोय आणि पुढची चाकं कोन बदलताहेत, हे थेट चित्रणातच जगाने पाहिलं. 2022 मध्ये ग्राउंड इफेक्टच्या, म्हणजे खालून वाहणाऱ्या हवेने रस्त्याकडे ओढल्या जाणाऱ्या, गाड्या वेगात उसळू लागल्या. विंड टनेलमध्ये 60 टक्के आकाराची प्रतिकृती आणि सेकंदाला 50 मीटरचा वारा एवढीच परवानगी असल्याने बहुतेकांना त्याचा अंदाज आला नव्हता.

आणि नेमकी ती उसळी पहिल्यांदा दिसली ते बार्सिलोनाचे तीन दिवस प्रेक्षकांना बंद होते. थेट चित्रण नव्हतं. त्यांना चाचणी म्हणायचंच नाही, नुसतं 'ट्रॅक सेशन' म्हणायचं, आणि अधिकृत चाचणी ती बहरीनची, असं ठरलं होतं. यजमानपदाच्या व्यवहारापोटी चाहत्याला बाहेर ठेवण्याची ही सुरुवात होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

2026 साठी इंजिन आणि गाडी दोन्ही एकदम बदलल्याने दिवस वाढले. जानेवारीअखेर बार्सिलोनाचे पाच दिवस, त्यातले प्रत्येक संघाला तीन, आणि फेब्रुवारीत बहरीनला तीन-तीन दिवसांची दोन सत्रं. संघामागे नऊ दिवस, 2015 नंतरचे सर्वाधिक. पण बार्सिलोनाचे पाचही दिवस पत्रकार आणि प्रेक्षक दोघांनाही बंद ठेवण्यात आले. 2014 च्या हेरेथसारखी बंद पडलेल्या गाड्यांची रांग कॅमेऱ्यासमोर नको, याखेरीज त्याचं पटण्यासारखं कारण मला दिसत नाही. हेरेथच्या त्या 21 लॅपमुळेच चाहत्याला हंगामाची दिशा आधी कळली होती. झाकलेल्या दिवसांत तेवढीही आकडेवारी संघांच्या प्रसिद्धिपत्रकांतून, त्यांना सोयीची असेल तेवढीच, हाती येते.