सामाजिक दर्जा आणि नैराश्य

समाजाच्या उतरंडीत व्यक्तीला मिळालेले किंवा तिच्यावर लादलेले स्थान म्हणजे सामाजिक दर्जा. अभ्यासक तो सहसा उत्पन्न, शिक्षण आणि व्यवसाय यांवरून मोजतात. भारतात मात्र जात, लिंग आणि जमीनजुमला वगळून केलेले मोजमाप अपुरेच राहते. दर्जा जितका खालचा तितके नैराश्याचे प्रमाण अधिक, हे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार खालच्या स्तरात नैराश्य आढळण्याची शक्यता वरच्या स्तराच्या सुमारे १.८ पट होती. त्याच विश्लेषणातील दुसरी बाब अधिक बोलकी असूनही कमी सांगितली जाते. खालच्या स्तरात नैराश्य नव्याने सुरू होण्याची शक्यता सुमारे सव्वापट, तर ते टिकून राहण्याची शक्यता दुपटीहून किंचित जास्त होती. म्हणजे नैराश्यात कोण पडतो यापेक्षा त्यातून कोण बाहेर पडतो, यावर दर्जाचा प्रभाव जास्त दिसतो.

हा फरक केवळ गरीब आणि श्रीमंत अशा दोन गटांपुरता नाही. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर मायकेल मार्मट यांनी केलेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात (१९८५ पासून, १०,३०८ कर्मचारी) सर्वजण पगारदार होते, तरी श्रेणी उतरत गेली तशी नैराश्याची लक्षणे वाढत गेलेली दिसली. आपल्या कामावर आपले किती चालते, हे त्यामागचे एक मोठे कारण ठरले.

आजारामुळे दर्जा घसरतो की दर्जामुळे आजार होतो, हा वाद जुना आहे. १९९२ मध्ये ब्रूस डोरेनवेंड आणि सहकाऱ्यांनी इस्रायलमधील अभ्यासातून दाखवले की छिन्नमनस्कतेत (स्किझोफ्रेनियात) आजारामुळे होणारी घसरण महत्त्वाची असते, तर स्त्रियांमधील नैराश्यात परिस्थितीचा वाटा मोठा असतो. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७८ मध्ये लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांविषयी मांडलेले निष्कर्ष याला पूरक आहेत. मनातले बोलायला विश्वासाचे माणूस नसणे, घरात लहान मुले अधिक असणे, घराबाहेर काम नसणे आणि बालपणी आई गमावणे, यांमुळे संकट आल्यावर नैराश्याचा धोका वाढतो. पुढे ब्राउन यांनीच दाखवले की नुसत्या हानीपेक्षा अपमान आणि कोंडी ज्यात आहे, अशी घटना माणसाला अधिक खचवते.

नागपूरच्या संदर्भात हा शेवटचा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा लागतो. जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलने शहरातील कामगार वस्त्यांना अनेक पिढ्या पगार दिला आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ओळखही दिली. ‘मिलमध्ये आहे’ एवढे सांगितले की किराणा दुकानात उधारी मिळे आणि सोयरीक जुळे. गिरणी बंद पडल्यावर त्याच माणसाला रिक्षा चालवून किंवा चौकीदारी करून कदाचित पोटापुरते मिळालेही असेल, पण पायरी गेली ती गेलीच. दर्जा स्वतःच्या नजरेत कुठे आहे हे मोजण्यासाठी संशोधक दहा पायऱ्यांच्या शिडीचे चित्र दाखवतात आणि ‘तुम्ही कोणत्या पायरीवर?’ असे विचारतात. उत्पन्न तेच असूनही उत्तर बदलू शकते. याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धम्मदीक्षेने दुसऱ्या दिवशी कोणाची मजुरी वाढली नाही, पण शिडीच नाकारण्याचे बळ लाखोंना मिळाले. या घटनेकडे मानसिक आरोग्याच्या अंगानेही पाहायला हवे.

वस्तीतला रुग्ण ‘नैराश्य’ हा शब्द क्वचितच वापरतो. ‘मन लागून नाही राहिलं’, ‘झोप येऊनच नाही राहिली’, ‘हातपाय गळून राहिले’ अशी तक्रार घेऊन तो साध्या दवाखान्यात जातो आणि ताकदीचे इंजेक्शन मागतो. आजार ओळखला गेला, तरी नैराश्यावरील औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही ती किमान सहा महिने घ्यावी लागतात. सरकारी रुग्णालयात चिठ्ठी काढण्याची रांग, तपासणीची रांग, औषधाची रांग यांत दिवस जातो आणि रोजी बुडते. धंतोली किंवा रामदासपेठेतील खासगी दवाखान्यात संध्याकाळची वेळ घेऊन जाणाऱ्याला हा हिशेब करावा लागत नाही. आजार तोच असूनही एकाचा सहा महिन्यांत आटोपतो आणि दुसऱ्याचा वर्षानुवर्षे रेंगाळतो, तो असा.

कलंकाचा भारही सारखा वाटला जात नाही. नागपुरात १८६४ पासून असलेले प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. परंतु त्याजवळच्या चौकाला लोक आजही सर्रास ‘पागलखाना चौक’ म्हणतात. ऑटोवाल्याला हाच पत्ता सांगावा लागणाऱ्या बाईला, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असेल तर, औषधापेक्षा लोकांच्या नजरेचीच धास्ती अधिक असते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले; हे सर्वेक्षण ज्या बारा राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळवण्याचा हक्क दिला. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकडून प्राथमिक केंद्रांतच उपचार देऊन पाहिले. २०१० मधील निष्कर्षांत सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा स्पष्ट लाभ झाला, खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही १४४१६ या क्रमांकावरील मोफत दूरध्वनी समुपदेशन सेवा मराठीतही उपलब्ध आहे. तिच्यामुळे रांग आणि चौक दोन्ही टळतात. त्यासाठी हाती स्वतःचा मोबाइल आणि घरातल्यांच्या कानावर न पडता बोलता येईल असा कोपरा तेवढा लागतो, आणि एका खोलीच्या घरात तो सहसा पाण्याच्या टाकीपाशी, गच्चीवर किंवा गल्लीच्या टोकाला शोधावा लागतो.