गालिचा उलटून पाहावा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये काचेआड एक गालिचा अंथरलेला आहे. साडेदहा मीटर लांब, पाच मीटरहून जास्त रुंद. तास भरला की दहा मिनिटं आणि अर्धा तास झाला की दहा मिनिटं, एवढाच वेळ त्याच्यावर दिवे लागतात. एरवी तो अंधुक उजेडात पडून असतो. कारण त्याचे रंग झाडामुळांचे आहेत आणि प्रकाशाचा प्रत्येक कण ते रंग थोडे थोडे खातो.

हा अर्दबीलचा गालिचा. वायव्य इराणमधल्या अर्दबील गावी सूफी संत शेख सफीउद्दीन यांचा दर्गा आहे, तिथला. त्याच्या एका टोकाला चार ओळी विणल्या आहेत. पहिल्या दोन फारसी कवी हाफिजच्या गझलेतल्या. पुढे ‘बंदा-ए-दरगाह मकसूद काशानी’ अशी सही आणि हिजरी सन 946, म्हणजे इसवी सन 1539-40. इतक्या जुन्या गालिच्यावर तारीख असणं फार दुर्मीळ. ‘बंदा’ आणि ‘दरगाह’ आपल्याला परके नाहीत. गालिचा हा शब्दही आपण फारसीतूनच घेतला.

आपण गालिचा वरून बघतो. जाणकार मात्र आधी कोपरा उचलून पाठ बघतो. पाठीवर नक्षी तीच असते, पण लव, म्हणजे वर उभी राहिलेली धाग्यांची टोकं, नसते, त्यामुळे गाठी उघड्या दिसतात. अर्दबीलच्या गालिच्यात चौरस सेंटिमीटरला पन्नासच्या आसपास गाठी आहेत. म्हणजे एक गाठ जेमतेम दीड मिलिमीटरची. सगळ्या मिळून सुमारे 2 कोटी 60 लाख. दहा विणकर शेजारी शेजारी बसले आणि प्रत्येकाने दिवसाला आठ हजार गाठी बांधल्या, तरी एकही सुटी न घेता त्यांना 325 दिवस लागतील. लोकर कातणं, रंगवणं, माग उभा करणं हे सगळं त्याच्या आधीचं.

गाठ कशी पडते ते बघू. मागावर उभे धागे ताठ ताणलेले असतात, तो ताणा. विणकर लोकरीचा धागा घेतो, शेजारच्या दोन ताण्यांपैकी एकाला पुरता वेढा देतो, दुसऱ्याच्या नुसता मागून काढतो, खाली ओढतो आणि सुरीने कापतो. एक गाठ झाली. ओळ भरली की आडवा बाणा घालायचा आणि पंजाने ठोकून घट्ट बसवायचा. अर्दबीलमध्ये ताणा आणि बाणा रेशमाचे आहेत, गाठी लोकरीच्या. रेशमाचा धागा बारीक असूनही मजबूत, म्हणून इतक्या गाठी दाटीने बसल्या.

या गाठीला सेन्ने गाठ म्हणतात. पण सेन्ने, म्हणजे आजचं इराणमधलं सनंदज, या गावचे विणकर मात्र दुसरीच गाठ मारतात. तिच्यात दोन्ही ताण्यांना वेढा पडतो आणि दोन्ही टोकं मधून एकत्र वर येतात. तिला तुर्की गाठ म्हणतात. तब्रीझचे कारागीरही तीच मारतात, हातातल्या बारीक आकडीने.

प्रत्येक गाठ खाली ओढल्यामुळे सगळी लव एका दिशेला कलते. हात फिरवला तर एकीकडे गुळगुळीत लागते, उलटीकडे बोटं अडतात. गालिच्याच्या एका टोकाला उभं राहिलं तर तो गडद दिसतो, दुसऱ्या टोकाला गेलं तर उजळ. लव आपल्याकडे कललेली असेल तर आपल्याला धाग्यांची कापलेली तोंडं दिसतात आणि त्यांच्यात प्रकाश शिरून अडकतो. उलट बाजूने धाग्यांच्या कडा दिसतात आणि त्या प्रकाश परतवतात. विणकाम कुठल्या टोकाकडून सुरू झालं, तेही यावरून कळतं, कारण लव सुरुवातीच्या टोकाकडे झुकते.

नक्षीची वळणं खरं तर पायऱ्या असतात, फोनच्या पडद्यावरच्या ठिपक्यांसारख्या. गाठ जितकी लहान तितकी वेल सुरेख वळते. अर्दबीलमध्ये गडद निळ्या जमिनीवर मधोमध पिवळं पदक आहे आणि त्याभोवती सोळा टोकदार लंबगोल. अशा नक्षीला पाव भागाचाच नकाशा पुरतो, बाकीचे त्याच्या आरशातल्या प्रतिमा. पण पदकाच्या दोन टोकांना लटकणारे दिवे सारखे नाहीत, एक लहान, एक मोठा. लहान दिव्याकडे बसलेल्याला दोन्ही सारखे दिसावेत म्हणून असं केलं, असं काहीजण सांगतात. मला ते पटत नाही. त्या काळच्या इराणी कलेत असा दृष्टिभ्रम साधत असल्याचा पुरावा नाही.

आता रंग. लाल येतो रुनास या झाडाच्या मुळातून. आपल्या मंजिष्ठेची ही सख्खी बहीण. झाड निदान तीन वर्षांचं झालं की मूळ खणतात. त्यातलं अ‍ॅलिझरीन हे लाल रंगद्रव्य नुसत्या लोकरीवर नीट धरत नाही, म्हणून लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळतात. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम एका हाताने लोकरीच्या प्रथिनाला धरतं आणि दुसऱ्या हाताने रंगाला. पाण्यात चुना असेल तर लाल आणखी खुलतो. आंच जास्त झाली तर मात्र मुळातले तपकिरी रंग उतरतात आणि लाल मळकट होतो. निळीचं तंत्र वेगळं. नीळ पाण्यात विरघळत नाही. हौदात आंबवून पाण्यात विरलेला ऑक्सिजन काढून घेतला की ती पिवळसर हिरवी होऊन विरघळते. त्यात बुडवलेली लट बाहेर काढली की हवा लागते आणि बघता बघता हिरव्याची निळी होते. हे दृश्य कितीदाही बघावं.

हे रंग सारखे म्हातारे होत नाहीत. लाल आणि निळा टिकतात, पिवळा आधी विटतो. हिरवा म्हणजे निळीवर पिवळा, त्यामुळे कित्येक जुन्या गालिच्यांत वेलीची पानं आज निळी दिसतात. काळ्या-तपकिरी रंगात लोखंडाचे क्षार असतात. ते लोकरीचं ऑक्सिडीकरण वाढवतात आणि लोकर ठिसूळ होऊन झडते. जुन्या गालिच्यावर बोट फिरवलं तर काळ्या रेषा खोल गेलेल्या आणि फुलं कोरल्यासारखी वर आलेली लागतात. कारागिराने ते केलेलं नसतं, लोखंडाने केलेलं असतं.

1856 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग बनवला आणि काही दशकांत असे स्वस्त रंग इराणमध्ये पोचले. त्यांतल्या फुक्सिन या रंगाचा भडक गुलाबी थोड्या वर्षांत राखाडी पडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणी सरकारने या रंगांवर बंदी घातली. मात्र जुन्या गालिच्याचं वय ठरवायला आज तेच रंग उपयोगी पडतात. काही मिलिमीटरचा धागा घेऊन रसायनं वेगळी केली आणि त्यात फुक्सिन सापडलं, तर गालिचा 1856 च्या आधीचा असूच शकत नाही. अ‍ॅलिझरीनचं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण 1868-69 मध्ये ते प्रयोगशाळेतही तयार झालं आणि मुळातलं व बाटलीतलं रेणूने तेच. पण झाडाच्या मुळात त्याच्या जोडीला परप्युरिन हे दुसरं रंगद्रव्यही असतं. ते सापडलं तर लाल रंग जमिनीतून आलेला.

अर्दबीलचा गालिचा एकटा नव्हता, त्याला जुळा भाऊ होता. एकोणिसाव्या शतकात विकले गेले तेव्हा दोघंही झिजलेले होते. मग एकाचे तुकडे कापून दुसरा ठिगळला. नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्या शिफारशीवरून लंडनच्या संग्रहालयाने 1893 मध्ये पूर्ण झालेला गालिचा 2,000 पौंडांना घेतला. दुसरा आज लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात आहे. आकाराने लहान, काठ नाहीत, आणि त्याच्यावरही मकसूदची तीच सही आहे.