‘५ नॅनोमीटर’ चिपमधले ५ नेमके कशाचे?

‘५ नॅनोमीटर चिप म्हणजे तिच्यातला प्रत्येक ट्रान्झिस्टर ५ नॅनोमीटरचा’ असा मजकूर बरीच वर्षे फिरतो आहे. समज स्वाभाविक आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा खरोखरच गेटच्या, म्हणजे ट्रान्झिस्टर या सूक्ष्म स्विचमधल्या प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागाच्या, लांबीच्या जवळपास असे. पुढे तो निव्वळ चिप बनवण्याच्या तंत्राच्या पिढीचे नाव म्हणून उरला.

पडताळा कॅल्क्युलेटरवर घेता येतो. २०२०च्या एका ‘५ नॅनोमीटर’ फोन-चिपमध्ये ८८ चौरस मिलिमीटरवर सुमारे १,१८० कोटी ट्रान्झिस्टर होते, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १३.४ कोटी. एका चौरस मिलिमीटरमध्ये एक लाख कोटी चौरस नॅनोमीटर असतात. भागाकार करा: प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ८६ बाय ८६ नॅनोमीटर जागा येते. यात तारांची, रिकामी जागाही आली, हे मान्य. पण शेजारच्या दोन गेटमधले अंतरसुद्धा ५० नॅनोमीटरच्या आसपास असते.