काचपट्टीचा प्रवास: गडचिरोलीतल्या हिवतापाच्या उपचाराची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात हिवताप म्हटला की आकडेवारीत गडचिरोली पुढे असतो. जंगलातले ओढे, त्यांत वाढणारे ॲनोफिलीस डास आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तुटणारं भामरागड. इथे खरी अडचण औषधापेक्षा अंतराची होती.

१९५३ च्या नियंत्रण कार्यक्रमानंतर डीडीटीच्या फवारणीने देशातले रुग्ण झपाट्याने घटले, १९५८ मध्ये निर्मूलनाची भाषा सुरू झाली. १९७६ साली मात्र आकडा ६४ लाखांवर गेला. तेव्हाची पद्धत साधी होती. ताप दिसला की आरोग्यसेवक बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचा आणि क्लोरोक्विनच्या ४ गोळ्या तिथेच गिळायला लावायचा. काचपट्टी मग प्राथमिक आरोग्य केंद्राकडे निघायची, कधी सायकलने, कधी पायी. पूर्ण उपचार ठरायचा तो रिपोर्ट आल्यावर. फॅल्सिपेरम, म्हणजे हिवतापाचा सगळ्यांत घातक जंतू, असेल तर एवढी सवड नसते. मेंदूचा हिवताप झालेल्या बेशुद्ध रुग्णांना खाटेवर घालून भामरागडजवळच्या हेमलकशाच्या दवाखान्यात आणलं जाई. तिथला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा. योगायोग असा, की क्लोरोक्विनला दाद न देणारा फॅल्सिपेरम भारतात पहिल्यांदा आढळला तोही १९७३ मध्येच, आसामात. तरी ती गोळी पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिली. हा उशीर मला तरी समर्थनीय वाटत नाही.

२०१० च्या औषध धोरणाने देशभर फॅल्सिपेरमसाठी एसीटी (आर्टेमिसिनिनवर आधारलेला जोडउपचार) आलं: ३ दिवस आर्टेसुनेट, पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन, दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस. पाकिटांना वयानुसार रंग दिले, म्हणजे आशाताईला गोळ्यांचा हिशेब करत बसायला नको. तिच्या पिशवीत हिवताप जागीच तपासणारं रॅपिड किटही आलं. एक थेंब रक्त, काही थेंब द्रावण, आणि पंधरावीस मिनिटांत रेघ उमटते. अर्थात रेघेवर डोळे झाकून विसंबता येत नाही. फॅल्सिपेरम बरा झाल्यावरही ती काही आठवडे दिसू शकते, म्हणून महिन्याभरापूर्वी ताप आला होता का, हे विचारावंच लागतं.

व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या जंतूचं दुखणं वेगळं. क्लोरोक्विन अजून चालतं, पण यकृतात दडलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं. गरोदर बाईला ते देता येत नाही. बाकीच्यांचा ताप चौथ्या दिवशी उतरलेला असतो, रोवणी ऐन भरात असते, आणि उरलेल्या गोळ्या घरीच राहतात.